सॉफ्टवेअर निवडताना आधी 'कसे बसवावे' ते वाचा



शाळेच्या संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर टाकायचं ही चर्चा निघाली की आपण दोनच प्रश्न विचारतो. फुकट आहे का? आणि त्यात काय काय आहे? माझ्या मते तिसरा प्रश्न आधी विचारायला हवा: ते बसवायचं कसं आणि वापरायचं कसं, हे नीट लिहून ठेवलंय का?

ओपन सोर्स, म्हणजेच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे फायदे मोठे आहेत. परवान्याचा खर्च नाही, कितीही संगणकांवर टाका, हवा तो बदल करा. पण हे सगळं ते चालू झाल्यावर! तलवाड्यासारख्या गावात जाणकार माणूस हाकेच्या अंतरावर नसतो. तिथे लिहिलेली सूचना हाच आपला जाणकार.

लिब्रे ऑफिसचंच उदाहरण घ्या. २०१० साली ओपन ऑफिसपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर मराठी मेनूसह मिळतं. मात्र विंडोजसाठी मुख्य फाईल वेगळी आणि मदतीची फाईल वेगळी. दुसरी उतरवून घेतली नाही तर मदत इंटरनेटवर उघडते. नेट गेलं की मदतही गेली. हे आधी वाचलं तर दोन्ही फाईली एकाच पेनड्राइव्हमध्ये आणता येतात.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हे बरोबर ओळखलं. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे त्यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत. विशेष म्हणजे पाठाची संहिता नवख्या माणसाकडून तपासून घेतात. त्याला समजलं, तरच ती पुढे जाते.

कुणी म्हणेल, लोक स्वतःच्या वेळात, मोफत बनवतात, मग आपण नावं का ठेवायची? नावं ठेवायची नाहीतच. पण निवड तर आपल्यालाच करायची आहे. शाळेत बहुधा एकच हौशी सर किंवा मॅडम सगळं बसवतात. जिल्हा परिषदेच्या नोकरीत बदली ठरलेलीच. ते गेले की माहितीही त्यांच्यासोबत जाते आणि संगणकावर धूळ बसते. नुकसान होतं ते मुलांचं.

म्हणून एक सोपी कसोटी सुचवतो. संगणकाची फारशी सवय नसलेल्या सहकाऱ्याला फाईल आणि सूचना द्या, नेट बंद ठेवा, आपण मध्ये बोलू नका. एका तासिकेत जमलं तर ते सॉफ्टवेअर आपल्या शाळेचं. नाही जमलं तर कितीही नावाजलेलं असो, दुसरं शोधा.

आणि जे निवडाल त्याची एक पानाची मराठी सूचना लिहून संगणकाशेजारी भिंतीवर लावा: कोणती आवृत्ती, फाईल कुठे ठेवलीय, आधी काय दाबायचं. पालकांनीही शाळेत आल्यावर हे पान आहे का ते जरूर बघावं. उद्या येणाऱ्या नव्या शिक्षकाला त्या पानाचाच आधार असेल.