तिला काय कळणार?

गेल्या चैत्रात आम्ही लिस्बनला जाऊन आलो : मी, सौभाग्यवती आणि आमची बावीस महिन्यांची कन्या. परतल्यावर पालखीच्या रात्री देवळाच्या अग्रशाळेत एका वडीलधाऱ्या महाजनांनी सर्वांदेखत विचारले, "वकीलसाहेब, एवढा खर्च करून त्या पोरीला कशाला नेलीत? तिला काय कळणार? आणि तिच्यापायी तुम्ही तरी काय पाहिलेत?" मंडळी हसली. वडिलांशी चारचौघांत वाद घालू नये, म्हणून मी गप्प राहिलो. परंतु हा प्रश्न एका गृहस्थांचा नाही. तो आपल्या साऱ्या सुशिक्षित वर्गाचा आहे, आणि तो मुळातच चुकीचा आहे असे माझे मत आहे. म्हणून हे जाहीर उत्तर.

प्रतिपक्षाचे जे खरे असेल ते आधी मान्य करावे, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता आहे. लिस्बन हे टेकड्यांचे शहर. तेथील कित्येक गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. मुलाची ढकलगाडी तेथे कुचकामी ठरते. पहिल्या दिवशी माझी वृत्तीही त्या महाजनांहून निराळी नव्हती. खिशात स्थळांची यादी होती आणि सायंकाळपर्यंत ती संपवायची होती. सुप्रसिद्ध अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममध्ये उभे राहण्यापुरतीही जागा नव्हती. मुलीने आकांत मांडला. पुढे आल्फामाच्या उतारावर, पावसाने निसरड्या झालेल्या फरसबंदीवर, तिला कडेवर घेऊन मी घसरलो. ती वाचली, माझे कोपर फुटले. यादी मात्र पुरी झाली. त्या दिवशी पाहिलेल्या स्थळांपैकी आज मला एकही नीट आठवत नाही. तेव्हा, ज्याला आठवणार नाही त्याला नेऊ नये असा नियमच करायचा असेल, तर तिच्याआधी मलाच घरी ठेवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी यादी पेटीत ठेवली आणि मुलीला खाली सोडले. रोसियो चौकापासून तेजो नदीपर्यंतचे अंतर प्रौढाच्या पावलांनी पंधरा मिनिटांचे. आम्हांस सबंध सकाळ लागली. रोसियोची जमीन काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटांनी मढवलेली आहे. मुलगी काळ्या लाटेवरून चालू लागली, मध्येच बसली आणि दोन दगडांमधील सांधीत बोट फिरवू लागली. निरुपायाने मीही बसलो. तेव्हा कळले की, तो प्रचंड चौक म्हणजे हाताने फोडून, हाताने बसवलेले मुठीएवढे दगड आहेत. कुतूहल जागे झाले, चौकशी केली. १८४२ साली सांव जोर्जच्या किल्ल्यावरील अधिकाऱ्याने तेथील कैद्यांकडून अशी नक्षीदार फरसबंदी करवून घेतली. ती पाहण्यास लोक लोटले. आणि १८४८-४९ मध्ये रोसियोवर या लाटा उमटल्या. आदल्याच दिवशी त्या किल्ल्यात मी दोन तास हिंडलो होतो. फौजदारी कोर्टात आयुष्य घालवणाऱ्या मला तेथल्या कैद्यांची ही हकीकत तेव्हा कळली नाही. ती कळण्यास मुलीने जमिनीवर बसावे लागले.

पुढे रुआ आगुश्ता हा वाहनांना बंद असलेला रस्ता. १७५५ च्या भूकंपानंतर पोंबालच्या कारकिर्दीत हा सारा भाग सरळ रेषांत पुन्हा आखला गेला. येथे मी मुलीचे बोट सोडले. रस्त्याच्या शेवटी कमानीतून तेरेइरो दो पासो हा विस्तीर्ण चौक लागतो. भूकंपापूर्वी येथे राजवाडा होता आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचे दफ्तर, काझा द इंदिया, हेही येथेच होते. आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील ज्या सत्तेखाली साडेचारशे वर्षे राहिले, तिचे हे अंगण. गोमंतकीयाला येथे निर्विकार उभे राहता येत नाही. मुलगी कबुतरांमागे धावली, दमली, आणि नदीत उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर पाण्याकडे पाय सोडून बसली. तिला काही कळले नाही, हे खरेच आहे. कळून घेण्याचे काम माझे होते. त्यास लागणारा वेळ, जो मी स्वतःला कधीच दिला नसता, तो तिने मला दिला.

आता मूळ आक्षेप. प्रश्न विचारणाऱ्या महाजनांच्या खांद्यावर त्या रात्री त्यांचा दीड वर्षाचा नातू पेंगत होता. पालखी समोर येताच त्यांनी त्याला जागे करून उंच धरले. त्याला काय कळणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. आणि शिवला नाही हेच योग्य झाले. लहानग्याला दाखवावे ते त्याने पाठ करावे म्हणून नव्हे. आपण जेथे उभे असतो तेथे तेही असावे म्हणून. जो न्याय देवळाच्या चौकात मान्य आहे, तो परक्या शहराच्या चौकात का अमान्य व्हावा?

तेथे कायदाही हा न्याय मानतो. एका औषधांच्या दुकानात आम्हांस रांगेतून पुढे बोलावले, तेव्हा मी संकोचलो. मागून कळले की २०१६ च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याने वृद्ध, अपंग व गर्भवती यांच्याबरोबरच दोन वर्षांपर्यंतचे मूल सोबत असलेल्यासही अग्रक्रम दिला आहे. ती मेहेरबानी नव्हती, हक्क होता.

आपल्याकडेही हक्क आहेत. निर्वेध पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. परंतु माझ्या घरापासून देवळापर्यंत गटारावरच्या हलत्या फरश्या आहेत, त्यांवर दुचाकी उभ्या आहेत, आणि जेथे त्या संपतात तेथे पदपथही संपतो. लिस्बनमध्ये सकाळभर पायी हिंडलेल्या मुलीला येथे मी कडेवरून खाली ठेवू शकत नाही.

म्हणून त्या महाजनांना माझी नम्र विनंती आहे. येत्या सोमवारी आपण नातवाचे बोट धरून, त्याला एकदाही न उचलता, घरापासून देवळापर्यंत पायी यावे. मी मुलीसह दुसऱ्या बाजूने येतो. दीपस्तंभापाशी भेटू, आणि कोणाला काय कळते याचा निवाडा तेथे करू.