गाणी नेली, नक्कल परत आणा



लग्न असलं की पाड्यावर धवलेरी गाते. भगत घांगळीवर कणसरीची कथा सांगतो. भात पिकलं की तारपा वाजतो. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही, कागदावर लिहिलेलं नाही. आणि दावा टाकला की साहेब विचारतो, कागद कुठंय?

गंमत बघा. आपली गाणी लिहून, टेप करून नेणारे कितीतरी आले नि गेले. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथं आपल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. दिल्लीजवळ गुडगावला एका अमेरिकन संस्थेनं १९८२ साली सुरू केलेलं ध्वनिसंग्रहालय आहे. भारतातल्या गाण्यांची जी ध्वनिमुद्रणं परदेशात पडून होती, त्यांच्या नकला परत देशात आणायच्या, यासाठी ते काढलं. विलायतेतून टेप गुडगावला येऊ शकते, तर शहरातून पाड्यावर का येऊ नये?

आम्ही हे नुसतं हौसेपोटी म्हणत नाही. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुरावे दिलेत. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदन चालतं. देवाची जागा, मसणवट, जुनी विहीर चालते. नामांकित संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या नोंदीसुद्धा चालतात. आता सांगा, आपल्या गाण्याकथांत डोंगरांची, ओहळांची, देवांच्या जागांची नावं येतात की नाही? म्हातारीला नुसतं विचारलं तर आठवत नाही, गायला लागली की एकेक जागा ओठावर येते. ते लिहून घ्या. आणि शहरातल्या कपाटात तशी जुनी नोंद असेल, तर ती दाव्याच्या फायलीत लागली पाहिजे.

दुसरी गोष्ट. काचेच्या कपाटातला तारपा वाजत नाही. तारप्याला दुधी लागतो, बांबू लागतो, ताडाचं पान नि मेण लागतं. बांबूची काठी तोडली म्हणून माणसाला अडवायचं आणि संग्रहालयात तारप्याचं कौतुक करायचं, हे कसं चालेल? २००६ च्या कायद्यानं बांबू हे गौण वनउपज ठरवलंय, त्यावर आपला हक्क आहे. जंगल राहिलं तर तारपा राहील.

गुजरातेत छोटा उदेपूरकडं तेजगडला आदिवासी अकादमी आहे. तिथलं संग्रहालय राठवा लोकांच्या मुलखातच उभं आहे. म्हणजे हे गावाकडंही होऊ शकतं. आपल्याला आज इमारत नको, एक वही नि एक पेटी पुरे.

तर प्रत्येक पाड्यानं एवढं करावं:

१) धवलेरी, भगत, तारपा वाजवणारे, तारपा बनवणारे यांची नावं वहीत लिहावीत. म्हातारी माणसं आधी.

२) गाण्याकथांत आलेल्या जागा शिकलेल्या पोरापोरींनी उतरवून घ्याव्यात, जागेवर जाऊन बघाव्यात, वनहक्क समितीला द्याव्यात. जी कथा ठरल्या वेळीच सांगायची, ती तेव्हाच ऐकावी. जी बाहेर द्यायची नाही, ती देऊ नये.

३) कुणी टेप घेऊन आला तर आधी ग्रामसभेत बसवावं. कशासाठी नेतोस, कुठं ठेवणार, नक्कल कधी देणार, हे लिहून घ्यावं. मगच गावं.

पुढच्या ग्रामसभेला वही घेऊन या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी गावं, ज्यांना येतं त्यांनी लिहावं.