चढता बाजार, उतरता बाजार

मदिनेत भाव चढले तेव्हा लोकांनी दर बांधून देण्याची विनंती केली. पैगंबर मुहंमद (स.) यांनी ती मानली नाही, व्यापाऱ्यावरही अन्याय नको, ही त्यामागची भूमिका. पण भाव वाढावा म्हणून माल दडवून ठेवणाऱ्याला त्यांनीच पापी म्हटले. व्यापार मोकळा, अडवणूक नाही, ही ती मर्यादा.

इंधनाला हीच कसोटी लावून पाहावी. पेट्रोलचे दर २०१० मध्ये, डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. २०१७ पासून ते रोज बदलू लागले. मात्र २०२० च्या टाळेबंदीत कच्चे तेल कोसळले, तेव्हा मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले. स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही. दर चढताना बाजाराचे नाव आणि उतरताना तिजोरीची सोय, याला मुक्त व्यापार म्हणत नाहीत.

महागडे खजूर टाळून रोजा पाण्यावरही सोडता येतो. रिक्षा पाण्यावर चालत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही म्हणू शकत नाही, त्याच्या भावाचा हिशेब उघड हवा, मग विकणारी कंपनी असो वा कर घेणारे सरकार.