राजीनामा ड्राफ्ट्समध्ये

गेल्या वर्षी मी तीन वेळा राजीनामा लिहिला. पहिला ऑफिसच्या वॉशरूममध्ये, मोबाइलवर, रडत रडत. दुसरा रात्री दीड वाजता. आणि तिसरा चक्क रिक्षात, सिग्नलला. तिन्ही वेळा सेंडवर बोट ठेवलं आणि तिन्ही वेळा रूममेटने हातातून फोन काढून घेतला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘बाई गं, जरा तारखा बघ.’

बघितल्या. तिन्ही राजीनामे पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांतले!

मला आधी हसू आलं, मग संताप. कारण आमच्या टीममधले एक सर, कोणतीही मुलगी जरा आवाज चढवून बोलली की ‘हार्मोन्स!’ म्हणून डोळे मिचकावायचे. म्हणजे ते बरोबर होते की काय? माझा राग माझा नव्हताच? तो फक्त केमिकल लोच्या होता?

प्रश्न डोक्यातून जाईना. मग काय, पत्रकाराची खोड. वाचायला बसले. (मुलग्यांनो, पान उलटू नका. तुमचाही नंबर येणार आहे.)

सेक्स हार्मोन्सचं काम फक्त गळ्याखालीच चालतं, असा आपला समज असतो. तो १९५९ मध्येच मोडीत निघाला. अमेरिकेत कॅन्सस इथल्या संशोधकांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांच्या पोटी आलेल्या माद्या मोठेपणी नरांसारख्या वागू लागल्या. म्हणजे हार्मोन्सचा मेंदूवर दोनदा हात फिरतो. एकदा जन्माच्या आसपास, जेव्हा घराचं वायरिंग चाललेलं असतं. आणि पुन्हा वयात आल्यावर, जेव्हा बटणं दाबायला सुरुवात होते. म्हणून मेंदू लगेच ‘बायकी’ किंवा ‘पुरुषी’ ठरत नाही हं! २०१५ मध्ये इस्रायलच्या डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १४०० हून अधिक मेंदूंचे स्कॅन तपासले. बहुतेक मेंदू म्हणजे दोन्हींची गोधडी निघाली.

आता बटणांकडे. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत कॅथरीन वुली, एलिझाबेथ गूल्ड आणि ब्रूस मॅकइवन यांनी उंदराच्या मादीचा हिप्पोकॅम्पस तपासला. हा आठवणींचा आणि ताणाला लगाम घालणारा भाग. तिचं चक्र चार-पाच दिवसांचं. तेवढ्यात तिथल्या पेशींवरचे जोडणीचे बारीक काटे वाढत होते आणि गळत होते. फरक सुमारे ३० टक्के. मेंदू म्हणजे एकदा बांधून झालेली बिल्डिंग नव्हे, तिथे सतत दुरुस्ती चालू असते!

यात स्ट्रेसची एंट्री झाली की गंमत वाढते. त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये स्ट्रेस हार्मोनही जाऊन चिकटतं, हे मॅकइवननीच १९६८ मध्ये दाखवलं होतं. मग २००१ मध्ये ट्रेसी शोर्स यांच्या गटाने नर आणि मादी उंदरांना सारखाच ताण दिला. नरांमध्ये ते काटे वाढले. माद्यांमध्ये, इस्ट्रोजेन चढलेलं असताना, ते कमी झाले. ताण तोच, परिणाम उलटा.

माणूस उंदीर नाही, मान्य. पण आपल्याकडेही खुणा आहेतच. लहानपणी डिप्रेशनचं प्रमाण मुलामुलींत साधारण सारखं असतं, वयात आल्यावर ते मुलींमध्ये जवळपास दुप्पट होतं. आणि मुलग्यांनो, हा तुमचा नंबर : स्किझोफ्रेनिया पुरुषांना साधारणपणे काही वर्षं आधी गाठतो, कॉलेज-पहिली नोकरी याच वयात. बायकांना बऱ्याचदा उशिरा, काहींना थेट पाळी जायच्या सुमारास. सगळा दोष हार्मोन्सचा नाही. घरचा इतिहास, बालपण, पैसा, एकटेपणा, सगळं त्यात असतं. पण हार्मोन्स खोलीत हजर असतात, हे नक्की.

आणि आता माझ्या त्या सरांसाठी. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांच्या गटाने पीएमएसचा खूप त्रास असलेल्या बायकांची हार्मोन्स औषधाने तात्पुरती बंद केली. अनेकींचा त्रास कमी झाला. हार्मोन्स पुन्हा नेहमीच्या पातळीला आणली, त्रास परत. पण ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना त्याच हार्मोन्सनी काहीही झालं नाही! म्हणजे हार्मोन्स ‘जास्त’ नसतात. काही मेंदू त्यांना वेगळा प्रतिसाद देतात. याचं तीव्र रूप म्हणजे पीएमडीडी. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार पुस्तिकेत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे, आणि त्यावर उपचारही आहेत. ‘नाटकं’ हा शब्द त्या पुस्तिकेत नाही.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी दिली नाही, वही दिली. म्हणाल्या, ‘दोन महिने रोज रात्री लिहायचं. झोप, चिडचिड, रडू, ऑफिस. आठवून नाही, त्या त्या दिवशी.’ दोन महिन्यांनी वही उलटली आणि मी गप्प झाले. पीएमडीडी नव्हता. झोप महिनाभर पाच तासच होती. अपमानाच्या नोंदी महिनाभर होत्या. शेवटच्या आठवड्यात फक्त त्या सहन होत नव्हत्या. डॉक्टर म्हणाल्या, ‘त्या आठवड्यात तुझं कातडं पातळ होतं. पण काटा बाहेरच आहे ना?’

हेच मला हवं होतं. माझा राग खोटा नव्हता. त्याला फक्त आवाजाचं बटण लागलेलं होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. मोठा निर्णय, ब्रेकअपचा मेसेज, बॉसला पत्र, सगळं लिहायचं आणि ड्राफ्ट्समध्ये ठेवायचं. पाळी येऊन गेली की उघडायचं. तरीही पटलं तर पाठवायचं. मुलग्यांनो, तुमच्याकडे कॅलेंडर नाही, पण पाच तासांची झोप आणि अप्रेझलचा महिना आहेच. वही तुम्हालाही चालेल. आणि त्रास महिनाभर हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. डॉक्टर गाठा, किंवा सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

आणि हो, चौथा राजीनामा. तो मी दहाव्या दिवशी लिहिला. सकाळी, आठ तास झोपून, चहा पिऊन. मुद्दे तेच होते, उद्गारचिन्हं तेवढी गळली होती. रूममेटने वाचला, फोन परत दिला आणि म्हणाली, ‘हा पाठव.’

पाठवला.