सभासदांना स्वस्त टायर : सवलत किती आणि करकपात किती?

ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला की शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या बागायती गावांत ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पिकअपचे झिजलेले टायर बदलण्याची घाई सुरू होते. दहा-वीस जणांनी मिळून टायर घेतले तर दर उतरतो का? सभासद कार्डावरची सवलत खरी असते का? २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी कमी झाल्याने या प्रश्नांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

करात काय बदलले?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६व्या बैठकीत कार, दुचाकी, पिकअप आणि ट्रकच्या नव्या टायरवरील कर २८ वरून १८ टक्के करण्यात आला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

उदाहरणादाखल टायरची करपूर्व किंमत १०,००० रुपये धरू. पिकअपचा असा टायर पूर्वी १२,८०० रुपयांना पडे, आता ११,८०० रुपयांना पडतो. म्हणजे बचत सुमारे ७.८ टक्के. ट्रॅक्टरचा टायर ११,८०० ऐवजी १०,५०० रुपयांना मिळतो. बचत सुमारे ११ टक्के. ट्रॉलीच्या टायरलाही ट्रॅक्टरचाच ५ टक्के दर लागेल, असे मात्र गृहीत धरू नये. बिलावरील एचएसएन क्रमांक आणि कराचा दर पाहूनच पैसे द्यावेत.

मग सवलत कशी ओळखायची?

जुन्या दरपत्रकाशी तुलना करून कोणी पिकअपच्या टायरवर ‘सभासदांसाठी आठ टक्के सूट’ देत असेल, तर त्याने स्वतःच्या खिशातून जवळपास काहीच दिलेले नाही. ती सरकारची करकपात आहे आणि ती सभासद नसलेल्यालाही मिळते. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न ‘किती टक्के सूट?’ हा नसावा. ‘कर धरण्याआधीचा दर किती?’ हा असावा. तोच प्रश्न आणखी दोन दुकानांत विचारला की खरी सवलत समोर येते.

बिलातील सूट चांगली की नंतरचा कॅशबॅक?

जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार विक्रीच्या वेळी बिलातच दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. म्हणजे १८ टक्क्यांच्या टायरवर बिलात १,००० रुपये सूट मिळाली, तर ग्राहकाचे १,१८० रुपये वाचतात. तेवढीच रक्कम नंतर गुण किंवा कॅशबॅक म्हणून मिळाली, तर साधारणपणे १,००० रुपयेच वाचतात, कारण कर आधीच पूर्ण किमतीवर भरलेला असतो.

शेतकऱ्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. स्वतःच्या शेतातील माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसली की भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. टायरवर भरलेला कर हा त्याचा निव्वळ खर्च ठरतो.

सभासदत्वाची पद्धत इतरत्र कशी चालते?

अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांच्या मालकांची एफएमसीए ही संघटना १९६३ पासून आहे. तिच्या सभासदांना टायर कंपनीशी आधीच ठरलेल्या दराने टायर मिळतात. एकटा मालक कंपनीसाठी किरकोळ ग्राहक असतो. हजारो सभासद मोठा ग्राहक ठरतात. भारतात तेल कंपन्यांची ‘ड्राइव्हट्रॅक प्लस’ किंवा ‘एक्स्ट्रापॉवर’ ही वाहतूकदारांसाठीची कार्डेही नियमित खरेदीच्या बदल्यात लाभ देतात.

गावात हे कोण करू शकते?

कंपनी कायद्यानुसार किमान दहा उत्पादक एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. सभासदांना यंत्रे, अवजारे आणि लागणाऱ्या वस्तू पुरवणे हे अशा कंपनीच्या कायदेशीर उद्दिष्टांत बसते. खते-बियाण्यांसाठी जी सामूहिक खरेदी होते, तीच टायरसाठीही करता येते. गावोगावच्या विकास सोसायट्यांनाही केंद्राच्या २०२३ च्या आदर्श उपविधींनी कर्जवाटपापलीकडच्या अनेक व्यवसायांची वाट दाखवली आहे.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण मापाची. एका ट्रॅक्टरला मागे १३.६-२८ लागतो, दुसऱ्याला १४.९-२८, पिकअपला वेगळाच. वीस सभासदांची मागणी पाच मापांत विभागली की घाऊक खरेदीचा जोर ओसरतो. दुसरी अडचण पैशांची. हंगामाआधी हात रिकामा असतो. ओळखीचा दुकानदार उसाच्या बिलापर्यंत उधारीवर थांबतो, सामूहिक खरेदीला मात्र रोख लागते. काही महिन्यांची उधारी हीदेखील एक सवलतच आहे. तुलना करताना ती धरायला हवी.

विक्रेते एकत्र आले तर?

खरेदीदारांनी एकत्र येण्याचे कारण बाजाराच्या दुसऱ्या बाजूलाही दिसते. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्या आहेत. २०११-१२ मध्ये दरांबाबत संगनमत केल्याचा ठपका ठेवून स्पर्धा आयोगाने पाच कंपन्यांना एकूण १,७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. २०१८ चा हा आदेश फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. डिसेंबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने हे प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

टायरच्या कडेवरील चार आकडी खूण वाचावी. ‘२३२५’ म्हणजे २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. स्वस्त दराच्या नावाखाली गोदामात पडून राहिलेला माल माथी मारला जात नाही ना, हे त्यावरून कळते. भारक्षमतेचा आकडा गाडीला लागणाऱ्या आकड्यापेक्षा कमी नको. खरेदी सामूहिक असली तरी बिल प्रत्येक सभासदाच्या नावे आणि टायरच्या अनुक्रमांकासह घ्यावे. टायर फुगला किंवा चिरला, तर भरपाईचा दावा त्याच कागदावर उभा राहतो. बसवणे आणि बॅलन्सिंगची मजुरी दरात धरली आहे का, हेही आधीच ठरवावे.

हे सगळे जमेस धरून करपूर्व दर खरोखर कमी येत असेल, तरच सभासदत्वाची वर्गणी भरण्यात अर्थ आहे.