दोघंही आपल्याच गावचे

आज २० ऑगस्ट. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वरच्या पुलावर गोळ्या घातल्या त्याला आज बारा वर्षं झाली. दरवर्षी या तारखेला मी काहीतरी लिहितो, आणि दरवर्षी खाली एखादी कमेंट ठरलेली असते, "पुरे झालं हो आता, पुण्याचं प्रकरण ते."

पुण्याचं प्रकरण? थोडं थांबा.

पुण्याच्या विशेष न्यायालयाने गेल्या वर्षी, १० मे २०२४ ला, या खटल्याचा निकाल दिला. गोळ्या झाडल्याबद्दल दोघांना जन्मठेप झाली. तिघे पुराव्याअभावी सुटले. ज्या दोघांना शिक्षा झाली त्यातला एक आपल्या शहरातला आणि दुसरा दौलताबादजवळच्या एका खेड्यातला. वरच्या कोर्टात दाद मागायचा त्यांना हक्क आहे, तो त्यांनी वापरावा. मी त्यांची नावं इथे लिहीत नाही, कारण त्यांचे आईवडील, भाऊबहिणी याच गावात राहतात आणि त्यांनी कुणावर गोळी झाडलेली नाही. पण जिल्हा मात्र लिहिणार. तो आपला आहे.

आता तो आठवडा आठवा. ८ मेला हायकोर्टाने शहराच्या नामांतरावर शिक्कामोर्तब केलं. १० मेला हा निकाल लागला, त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. १३ मेला लोकसभेचं मतदान. गुलमंडीपासून टीव्ही सेंटरपर्यंत कुठल्याही टपरीवर उभं राहा, दोनच विषय होते: नाव आणि उमेदवार. निकालाची बातमी पेपरात आली, "पुणे" अशी डेटलाइन लावून. आपण ती वाचली आणि घडी घालून ठेवली. एका डॉक्टरला मारायला आपल्या जिल्ह्यातून दोन पोरं गेली होती, असं कोर्टाने सांगितलं, आणि या गावात त्यावर एक साधी सभासुद्धा झाल्याचं मला आठवत नाही. झाली असेल तर सांगा, मला आनंदच होईल.

"दाभोलकर हिंदूंच्याच मागे लागायचे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. म्हणून ज्या कायद्यासाठी त्या माणसाने अठरा वर्षं घासली, त्या कायद्याचं काय झालं ते आधी बघू. त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. सरकारला चार दिवसांत जे जमलं, ते आधीच्या इतक्या वर्षांत का जमलं नाही, हा प्रश्न तसाच आहे. असो. तर या कायद्याखाली सुरुवातीचा गुन्हा कुठे दाखल झाला माहितीय? आपल्या मराठवाड्यात, नांदेडला, सप्टेंबर २०१३ मध्ये. आरोपी होते दोन मुस्लिम बाबा. चमत्काराने मोठमोठे आजार बरे करतो अशी जाहिरात करायचे. "हिंदूविरोधी" म्हणून ज्या कायद्याच्या नावाने मोर्चे निघाले, त्याची सुरुवात ही अशी झाली.

आणि कायद्यात आहे तरी काय? शेवटी एक अनुसूची आहे, बारा कलमांची. अंगातलं भूत काढायचं म्हणून मारहाण करणं, भानामतीच्या नावाने दहशत बसवणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्य, अंगात दैवी शक्ती आहे सांगून बाईचं शोषण. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. देवपूजेला हात नाही. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा यांना हा कायदा लागू नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. इतकंच काय, वास्तुशास्त्रवाला, ज्योतिषी, नंदीबैलवाला आणि जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या यांनासुद्धा सोडलंय. माझ्यासारख्याला विचाराल तर जरा जास्तच सोडलंय. मराठवाड्यात हातावर नारळ उभा करून दाखवलेल्या जागेवर बोअर मारायचा, कोरडा गेला की दुसरीकडे मारायचा, यात किती शेतकरी कर्जात बुडाले ते गावोगाव विचारा. पण लोकशाहीत तडजोड करावी लागते आणि दाभोलकरांनी ती केली. एवढ्या मवाळ माणसाला मारलं, हे लक्षात घ्या.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर लिहिणं फार सोपं असतं.

मी शाळेत असताना धाकट्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. पैठण रस्त्यावरच्या एका गावात कावीळ उतरवणारा होता, आई त्याला घेऊन तिथे गेली. मीही सोबत होतो. त्या माणसाने पोराच्या हातावरून आपले हात चोळले, काहीतरी पुटपुटला आणि परातीतल्या पाण्यात त्याचे हात धुतले. पाणी पिवळंधमक! आजूबाजूच्या बायांनी हात जोडले. मीही जोडले. असे तीन रविवार झाले, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत धाकटा खरंच बरा झाला. आई म्हणाली, "बघ, उतरली की नाही?"

कॉलेजात गेल्यावर यामागची करामत कळली. परातीत पाणी नसतंच, चुन्याची निवळी असते. उतरवणाऱ्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस आधीच लावलेला असतो. दोन्ही एकत्र आले की पिवळं होतं. कावीळ असलेल्याचे हात धुवा, नसलेल्याचे धुवा, पिवळंच होणार. अंनिसचे कार्यकर्ते हे शाळाशाळांत करून दाखवतात. आणि पोर बरं का झालं? खराब पाण्यातून येणारी साधी कावीळ बहुतेकांना विश्रांती घेतली, पोटात नीट अन्नपाणी गेलं की काही आठवड्यांत आपोआप बरी होते. तीन रविवार म्हणजे जवळजवळ तेवढेच दिवस. श्रेय परातीने घेतलं.

मग मी काय केलं? शहाणपणा. सगळ्या पाहुण्यांसमोर, घरात कार्यक्रम होता त्या दिवशी, परात मांडली. आईचे हात धुतले, पाणी पिवळं केलं आणि म्हटलं, "घे, तुलाही कावीळ!" सगळे हसले. आई हसली नाही. साडीला हात पुसले आणि आत निघून गेली. रात्री एवढंच म्हणाली, "तुझा भाऊ मरतो की काय असं वाटत होतं रे तेव्हा. दवाखान्याला पैसे नव्हते. तुला हसायला येतंय."

माझा प्रयोग बरोबरच होता. पण मी त्या दिवशी उघडं पाडलं ते माझ्या आईला. तो माणूस त्याच्या गावात मजेत बसला होता.

दाभोलकरांचं भाषण ऐकलेली माणसं सांगतात की ते श्रद्धा ठेवणाऱ्याला कधी हसायचे नाहीत. देव-धर्म मानणाऱ्याशी आमचं भांडण नाही, देवाधर्माच्या नावावर जो लुटतो त्याच्याशी आहे, अशीच त्यांच्या समितीची भूमिका. मला हे समजायला वीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्याने भरली.

आमच्या गल्लीत एक काका होते. काही वर्षांपूर्वी त्यांना कावीळ झाली. मंडळी त्यांना कुणाकडे तरी उतरवायला नेताहेत, हे मला माहीत होतं. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. मला वाटलं, जाऊन सांगावं. मग वाटलं, जाऊ दे, "हा नास्तिक आला शिकवायला" म्हणतील. आईच्या वेळचं आठवत होतं. मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारनंतर ताप चढला, थंडी वाजायला लागली, तेव्हा दवाखान्यात नेलं. त्यांची कावीळ पाण्यातून आलेली नव्हती. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, आणि एव्हाना जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. काका गेले. पहिल्या आठवड्यात सोनोग्राफी झाली असती तर कदाचित खडा काढून घरी आले असते. "कदाचित" म्हणतो, मी डॉक्टर नाही. पण सगळ्या काविळी सारख्या नसतात एवढं मला माहीत होतं आणि मी ते बोललो नाही. तेराव्याला जेवलो मात्र.

म्हणून आता कुणी मला "तुम्ही विवेकवादी लोक करता काय?" विचारलं की राग येत नाही. प्रश्न बरोबर आहे. आम्ही एकतर हसतो, नाहीतर गप्प बसतो.

आणि हे गाव कसं आहे बघा. पैठणला नाथसागर भरलेला असतो आणि शहरात कित्येक वर्षं नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतंय. मग लोक साठवतात. ड्रममध्ये, हौदात, गच्चीवरच्या टाकीत. टँकरचं पाणी कुठून भरलंय, विचारत नाहीत. जुन्या पाइपलाइनला गळती, शेजारून ड्रेनेज. कावीळ, गॅस्ट्रो येणार नाही तर काय होईल? सरकारी दवाखान्यात दिवसभराची रांग, खासगीत आधी डिपॉझिट. परातवाला एक नारळ आणि अकरा रुपये घेतो, पाठीवर हात ठेवतो आणि "बरं होईल" म्हणतो. गरीब माणूस कुठे जाईल? त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्याच्या नळाला रोज स्वच्छ पाणी आलं तर परातवाल्याचं अर्धं गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.

पण यंदाच्या मार्चमध्ये गावाला चर्चा कशाची होती? खुलताबादच्या कबरीची. १७०७ साली मेलेल्या बादशहाची कबर ठेवायची की उखडायची. एक सिनेमा आला, त्यावरून वातावरण तापलं, नागपुरात दंगल झाली, इथे कबरीभोवती पोलीस बसले, पत्रे लागले. मला त्या बादशहाचं काही प्रेम नाही. संभाजी महाराजांचे हाल करून मारणाऱ्याचं कौतुक मी कशाला करू? पण ज्या पोरांना तीनशे वर्षांपूर्वीचा शत्रू तोंडपाठ आहे, त्यांना आपल्या वॉर्डात पाणी सोडण्याची वेळ कोण ठरवतो हे माहीत नसतं. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. त्या बादशहाचा फोटो स्टेटसला ठेवणारा पोरगाही माझ्याच शहरातला, त्याच्याही घरी टँकर येतो.

निकालातल्या त्या दोघांचा विचार करतो तेव्हा मला हेच दिसतं. २०१३ साली ती विशीतली पोरं होती. साध्या घरातली. अशा वयाच्या पोराला कुणीतरी जवळ घेतं, तुझ्या आयुष्याला मोठा अर्थ आहे म्हणतं, शत्रू कोण ते बोट करून दाखवतं. न्यायालयानेही म्हटलंय की यामागचा खरा सूत्रधार वेगळाच आहे आणि तपास यंत्रणा त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत. म्हणजे बोट दाखवणारा अजून मोकळा आहे. गोळी झाडायला लावणारे त्या पोरांपर्यंत पोचले, आणि आपण पोचलो नाही. आपण कुठे होतो? बहुतेक फेसबुकवर, एकमेकांच्या पोस्ट लाइक करत.

परवा पोळा आहे, पुढच्या आठवड्यात गणपती बसतील. आमच्या घरीही बसतो. आई बसवते, मी मखर लावतो. मी आरतीला उभा राहतो, म्हणत नाही. तिला ते चालतं. यंदा आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना मी एक विनंती केली: दहा दिवसांतली एक संध्याकाळ मला द्या. परात घेऊन येतो. त्यांनी विचारलं, "भाऊ, देवाच्या विरोधात नाही ना?" म्हटलं, नाही, काविळीच्या विरोधात आहे. पोरं हो म्हणाली. सोबत एक डॉक्टर मित्र येणार आहे. डोळे पिवळे दिसले तर रक्त-लघवी कुठे तपासायची, कधी थांबायचं नाही, हे तो सांगेल. पाणी उकळून प्या, हेही. हसायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

हे आईला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "परात घरचीच ने. आणि या वेळेस हात तुझे धू."

ज्यांना आपापल्या मंडळात असा कार्यक्रम ठेवायचा असेल त्यांनी मेसेज करा. आंब्याची साल मी आणतो, चुना तुमचा.

आणि ज्यांना अजूनही हे पुण्याचं प्रकरण वाटतंय, त्यांनी दौलताबादचा घाट चढताना एकदा खालच्या खेड्यांकडे बघावं. त्यातल्याच एका खेड्यातला पोरगा होता तो.