चिमणीचे छायाचित्र

गंजलेले गज, सुटलेले पोपडे, भिंतीतून उगवलेला पिंपळ यांत सौंदर्य आहे, हे मला मान्य आहे. गिरणगावातील बंद गिरण्यांची छायाचित्रे मीही काढतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच; ‘सौंदर्यदृष्टी’ हा शब्दही इथेच शिकलो.

एका चिमणीचे छायाचित्र आजोबांना दाखवले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. बराच वेळ पाहून म्हणाले, “यात भोंगा कुठं आहे रे?”

ज्यांचे घर भोंग्यावर चालले, त्यांना ही पडझड शोभेची कशी वाटावी? मित्रहो, छायाचित्रे जरूर काढा. पण खाली गिरणीचे नाव आणि तिथे राबलेल्या एका तरी माणसाचे नाव लिहा. नाहीतर आपण नुसता गंजच टिपला, असे होईल.